परतीच्या टेबलावरचं पिवळं कार्ड

नैरोबीहून आलेलं विमान मुंबईला उतरलं की पासपोर्टच्या रांगेआधी आणखी एका टेबलाशी थांबावं लागतं. तिथला आरोग्य अधिकारी व्हिसा विचारत नाही, बॅगा बघत नाही. त्याला हवं असतं एक पिवळं कार्ड, म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला. आपण सगळे या आजाराला यलो फीव्हरच म्हणतो. दाखला नसेल, किंवा लस टोचून दहा दिवस झालेले नसतील, तर त्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. साताठ दिवसांची सहल आणि वर सहा दिवसांचा मुक्काम, तोही घराच्या इतक्या जवळ येऊन!

गंमत अशी की भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया हा दाखला मागतच नाही. ज्या देशात आजाराची भीती, तो विचारत नाही आणि आपला स्वतःचा देश मात्र परत घेताना दारात अडवतो. मसाई माराच्या सहली मराठी घरांत आता नव्या राहिलेल्या नाहीत. जुलै-ऑगस्ट जवळ आला की ओळखीतून मला फोन येऊ लागतात आणि प्रश्न ठरलेला असतो, ‘ते इंजेक्शन खरंच घ्यावं लागतं का?’ घ्यावं लागतं. पण ते कोणासाठी, हे नीट समजून घेतलं तर सहलीच्या औषधांचा सगळा हिशोबच वेगळा दिसू लागतो.

पीतज्वराचा विषाणू माणसाच्या अंगात पोचवतो एडिस इजिप्ती हा डास. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, कुंडीखालच्या ताटलीत आणि गच्चीवरच्या टायरमध्ये अंडी घालणारा. डेंगीमुळे या डासाची महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ओळख आहे. म्हणजे रोग पसरवणारा वाहक आपल्याकडे आधीच घरोघर हजर आहे आणि लस न घेतलेली कोट्यवधी माणसंही आहेत. नाही तो फक्त विषाणू. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वर शतकानुशतकं आहे, आशियात मात्र त्याने कधी मूळ धरलेलं नाही. असं का, यावर शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही. डेंगीमुळे थोडंफार संरक्षण मिळत असावं असं काही जण म्हणतात, तर काहींच्या मते आपल्याकडचे डास या विषाणूला तितकेसे अनुकूल नसावेत. नुसत्या तर्कावर विसंबून कोणताही देश दार उघडं टाकणार नाही.

डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात. विलगीकरणाचे सहा दिवस तिथूनच आले. आजाऱ्याच्या रक्तातला विषाणू डासाला मिळू शकतो तो ताप येण्याच्या जरासा आधी आणि नंतरच्या तीन ते पाच दिवसांत. पूर्वी जहाजाने मुंबई गाठायला लागणाऱ्या दिवसांत हा काळ समुद्रातच सरून जायचा. विमानाने नैरोबी-मुंबई अंतर काही तासांवर आणलं. सकाळी केनियात चावलेला डास प्रवासी विसरूनही जातो आणि चौथ्या दिवशी फणफणून ताप येतो तेव्हा तो ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या घरात असतो. खिडकीशी आपला नेहमीचा एडिस असतोच.

ही भीती कागदावरची नाही. 2015 च्या अखेरीस अंगोलाची राजधानी लुआंडा इथे पीतज्वराची साथ सुरू झाली. तिथे हजारो चिनी कामगार होते. 2016 मध्ये त्यांच्यापैकी 11 जण हा आजार अंगात घेऊन चीनला परतले. आशियात पीतज्वराचे रुग्ण पोचल्याची ही पहिली नोंद. सुदैवाने पुढे साथ पसरली नाही. त्याच वर्षी साथ शेजारच्या काँगोत गेली आणि जगाकडचा लशीचा साठा इतका आटला, की किन्शासा शहरात लोकांना एका डोसाचा पाचवा हिस्सा टोचून वेळ निभवावी लागली. आपल्या विमानतळावरचं ते टेबल मला तेव्हापासून अडवणूक वाटत नाही.

आपणही एकदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो, हे आठवायला हवं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी जग मुंबईच्या माणसाकडे संशयाने बघू लागलं. मुंबईहून आलेली जहाजं कशी अडवायची यावर 1897 मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या वर्षी मुंबई बंदरातून हजला जाणं सरकारने बंद केलं. त्याच काळात ओडेसाहून आलेले वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करत होते. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि 1925 पासून त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रवासी, बंदर, रोग आणि लस यांचं नातं मुंबईला असं फार आधीपासून ठाऊक आहे.

पीतज्वराच्या लशीची गोष्ट मात्र आफ्रिकेतली आहे आणि ती फार माणसांचे जीव घेऊन पुढे सरकली. हा आजार डासांमुळे होतो हे क्यूबाच्या कार्लोस फिनले यांनी 1881 मध्येच मांडलं होतं, पण कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तिकडे पनामा कालवा खणायला गेलेल्या फ्रेंच कंपनीची हजारो माणसं पीतज्वराने आणि मलेरियाने मेली. 1900 मध्ये वॉल्टर रीड यांच्या अमेरिकन पथकाने हवानात डासाचा दोष सिद्ध केला. त्या पथकातले जेसी लेझियर डास चावून पीतज्वरानेच गेले. नंतर पश्चिम आफ्रिकेत विषाणूचा शोध सुरू झाला. 1927 मध्ये आजच्या घानामधल्या असिबी नावाच्या तरुणाला सौम्य पीतज्वर झाला. त्याच्या रक्ताचा थेंब ऱ्हीसस जातीच्या माकडाला टोचला आणि माकड मेलं. विषाणू हाती लागला. आफ्रिकेतली माकडं या विषाणूला फारशी दाद देत नव्हती. ऱ्हीसस हे आशियातलं माकड, उत्तर भारतात देवळांच्या आवारात दिसतं तेच. ते मात्र लगेच बळी पडलं. आशियातल्या जिवांना या रोगाची सवय नाही, याची ती पहिली ठळक खूण म्हणावी लागेल. या कामात असलेले एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने गेले. जपानचे हिदेयो नोगुची 1928 च्या मे महिन्यात आक्रा इथे गेले आणि त्यांच्या मृत्यूचा तपास करणारे विल्यम यंगही काही दिवसांतच गेले.

असिबी मात्र बरा झाला. त्याच्या रक्तातल्या त्या विषाणूला न्यूयॉर्कमधल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भपेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवलं. शंभराच्या आसपास फेऱ्या झाल्या आणि विषाणूचा मारकपणा गळून पडला. प्रतिकारशक्ती जागवण्याची ताकद मात्र टिकली. 1937 ची ही 17डी लस. थायलर यांना तिच्यासाठी 1951 चं नोबेल मिळालं. आजही जगात पीतज्वराची जी लस टोचली जाते ती याच 17डी वंशाची आहे. मुंबईच्या केंद्रावर मसाई माराला निघालेल्या आजोबांच्या दंडात जाणारा निर्बळ विषाणू त्या घानातल्या तरुणाच्या रक्तातून चालत आलेला आहे. ही गोष्ट मला प्रत्येक वेळी हलवून जाते.

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच ती घ्यावी लागते, कारण दाखल्यावर तिथलाच शिक्का चालतो. लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते, एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि पाणी मिसळल्यावर सहा तासांत ती संपवावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक वारी, आधी नावं घेऊनच बोलावतात. तिकिटाआधी केंद्राला फोन करणं शहाणपणाचं. दाखला टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. 11 जुलै 2016 पासून जगभर हा नियम आहे, त्यामुळे जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ते कार्ड चालतं. नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना, तारीख स्पष्ट आहे ना, सही-शिक्का आहे ना, हे केंद्रातून बाहेर पडण्याआधीच बघावं. ‘इंजेक्शन नको, नुसतं कार्ड काढून देतो’ असं कोणी सुचवलं, तर त्या माणसाशी व्यवहारच करू नये.

साठी ओलांडलेल्यांनी इथे जरा थांबावं. आफ्रिकेच्या सहलीला जाणाऱ्या मराठी मंडळींत निवृत्त जोडपी खूप असतात, म्हणून हे ठासून सांगतो. ही जिवंत विषाणूची लस आहे. बहुतेकांना दुखणारा दंड आणि एखाद-दोन दिवसांची कणकण यापलीकडे काही होत नाही. पण लाखात एकाहूनही कमी जणांमध्ये लशीतला विषाणू यकृत आणि इतर अवयवांपर्यंत पोचून गंभीर आजार होतो, हे 2001 मध्ये वैद्यकीय जगापुढे आलं. साठीनंतर, विशेषतः पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांत, हा धोका वाढतो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, थायमस ग्रंथीचा विकार, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ही लस देत नाहीत. संधिवातावर मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या कितीतरी काकू-मावशा असतात आणि ‘गुडघ्याची गोळी’ म्हणून ती सांगायचीच राहून जाते. केंद्रावर प्रत्येक गोळीचं नाव सांगा. खरं वैद्यकीय कारण असेल तर सूट-पत्राची सोय आहे, ते कसं घ्यायचं आणि परतताना कसं दाखवायचं हे केंद्रावरच विचारून ठेवावं. माझं मत विचाराल, तर ज्यांना ही लस झेपणार नाही त्यांनी सरळ दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना किंवा नामिबियाला जावं. तिथे हत्ती आहेत, सिंह आहेत आणि पीतज्वर नाही. फक्त वाटेत अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलायचं असेल तर दाखल्याचा नियम पुन्हा लागू होतो का, तेवढं तपासावं.

इथवर झालं ते देशासाठीचं. आता ज्याच्याबद्दल कोणतंही टेबल कधीच विचारणार नाही, ते तुमच्यासाठीचं.

केनियाला जाणाऱ्या पर्यटकाच्या जिवाला पीतज्वरापेक्षा कितीतरी मोठा धोका मलेरियाचा आहे. त्याचा दाखला नाही, शिक्का नाही, विलगीकरण नाही. म्हणून माणसं विसरतात. ‘मलेरिया काय आपल्याला नवा आहे का?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! 1897 मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी सापडला तो आपल्याच देशात, सिकंदराबादला, रोनाल्ड रॉस यांना. पण आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा असतो. तो मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर उतरतो आणि उपचाराला उशीर झाला तर दोन-चार दिवसांत माणूस हातचा जातो. लहानपणी गावी मलेरिया झाला होता म्हणून आज संरक्षण आहे, असं मुळीच नसतं. ती प्रतिकारशक्ती सतत चावे होत राहिले तरच टिकते. नैरोबी किंवा कम्पालात राहणारी मराठी मुलंसुद्धा चार-पाच वर्षं पुण्यात शिकून परत गेली की नव्या पाहुण्याइतकीच कच्ची असतात.

प्रवाशाने यासाठी गोळ्या घ्यायच्या आणि त्यातली खरी मेख परतल्यानंतरची आहे. डॉक्सिसायक्लिन रोज एक. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, दोन-तीन आठवडे आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, परतल्यावर सातच दिवस. चार आठवडे कशासाठी? शेवटच्या रात्री चावलेल्या डासाने सोडलेले परोपजीवी आधी यकृतात दडतात आणि मगच रक्तात उतरतात. डॉक्सिसायक्लिन तिथे त्यांची वाट बघत असते. सहल संपली, फोटो पाहून झाले, आता गोळी कशाला, असं म्हणून जो थांबतो तो नेमका उघडा पडतो. कोणती गोळी कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. डॉक्सिसायक्लिन लहान मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत, तिच्यामुळे उन्हात त्वचा चटकन भाजते आणि ती भरपूर पाण्याबरोबर, उभ्याने किंवा बसून घ्यावी लागते. घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. नैराश्याचा किंवा फिट्सचा इतिहास असलेल्यांना मेफ्लोक्विन चालत नाही. क्लोरोक्विनची जुनी पट्टी घरात पडून असेल तर ती तिथेच राहू द्या. आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमवर तिचा भरवसा उरलेला नाही.

गोळी घेतली तरी डास चावू न देणं हेच पहिलं काम. मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे तंबूबाहेर शेकोटीभोवती गप्पा रंगतात नेमक्या त्या वेळी. पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला डीईईटी किंवा पिकारिडिनचं मलम आणि रात्री औषध लावलेली मच्छरदाणी. दिवसा सनस्क्रीन लावायचं असेल तर आधी ते आणि त्यावर डासांचं मलम. कपडे खाकी किंवा फिकट रंगाचे घ्या, गडद निळे आणि काळे नकोत. त्या रंगांकडे त्सेत्से माशी ओढली जाते. तिचा चावा कपड्यांतूनही लागतो, तिच्यामुळे होणाऱ्या निद्रारोगावर लस नाही.

पोटाचं थोडक्यात सांगतो. टायफॉइडची लस घेऊन ठेवावी, ती भारतातही तेवढीच कामाची. हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ. इथे घरातल्या घरात उलटं चित्र दिसतं. आजोबांना ती बहुधा लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते, त्यामुळे ते सुरक्षित असतात. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या नातवाला आणि त्याच्या आईबाबांना मात्र संरक्षण नसतं, आणि मोठ्या वयात ही कावीळ जास्त जड जाते. म्हणून लस आजोबांपेक्षा नातवाच्या घराला जास्त हवी. बॅगेत जलसंजीवनीची पाकिटं असावीतच. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती आणि सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजलं आणि मृत्यू झपाट्याने कमी केले. मोठं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच टाकायचं, पेल्यात अर्धं-अर्धं नाही. जुलाबात ताप किंवा रक्त असेल तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइड घेऊ नये, डॉक्टर गाठावा.

रोजची औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह. इन्सुलिन कधीही सामानाच्या बॅगेत टाकू नये, तिथे ते गोठू शकतं. दुबईमार्गे जाणार असाल तर कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची-दुखण्याची औषधं घरीच ठेवा किंवा रीतसर परवानगी काढा. तिथे ती नियंत्रित यादीत आहेत.

आणि शेवटी ताप. सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो, कारण केनियाच्या सहलीचा हंगाम आणि आपला पावसाळा एकच. ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत कोणालाही ताप आला की डॉक्टरांच्या मनात आधी डेंगी येतो, मग लेप्टो, मग व्हायरल. रुग्णही तेच गृहीत धरतो, दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढतो, प्लेटलेट मोजत बसतो. आफ्रिकेहून आल्याला तीन आठवडे झाले असतील तर ती गोष्ट सांगायचंही सुचत नाही. फाल्सिपेरम बहुधा पहिल्या महिन्यात डोकं वर काढतो, पण तीन महिन्यांपर्यंत तो धरून चालावं लागतं. म्हणून दवाखान्यात शिरल्यावर लक्षणांच्याही आधी सांगा, ‘डॉक्टर, मी अमुक तारखेला केनियातून आलो.’ मलेरियाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, रक्ताच्या काचपट्टीवर आणि जलद चाचणीने. पहिला अहवाल निगेटिव्ह आला म्हणून घरी बसू नका. परोपजीवी रक्तात कमी असतील तर एका तपासणीत निसटतात. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने ती आणखी दोनदा करून घ्यावी लागते. पिवळं कार्ड सोबत न्या. त्यावरची तारीख बघून निदान पीतज्वराची शंका तरी डॉक्टरांना बाजूला ठेवता येते.